अठराव्या थेंबाला पाणी निळं झालं

गिझरची कॉईल दीड वर्षात दुसऱ्यांदा गेली तेव्हा प्लंबरदादांनी टाकी उघडली आणि आतलं सगळं बादलीत काढलं, ते बघून मी दोन मिनिटं काही बोललेच नाही. पांढरट-पिवळट पापुद्रे, अंड्याच्या कवचापेक्षा जाड, हातात घेऊन दाबले की कुडकुड मोडत होते, आणि कॉईलवर तर असा थर की मूळची कॉईल केवढी होती तेच कळेना. दादा म्हणाले, "ताई, कॉईल कितीही बदला, पाणी असंच आलं तर परत हेच होणार." त्यातला एक पापुद्रा मी ठेवून घेतला आणि संध्याकाळी बशीत ठेवून त्यावर थोडं व्हिनेगर टाकलं, तर लगेच फसफसून बुडबुडे आले. म्हणजे चुनाच तो, कॅल्शियम कार्बोनेट, आणि बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे. शाळेत सुफेन आणि दुष्फेन पाणी शिकलो होतो, साबणाचा फेस होतो तो सुफेन आणि होत नाही तो दुष्फेन एवढं पाठ करून पेपर दिला होता, त्याचा घराशी असा संबंध येईल असं तेव्हा कधी वाटलं नव्हतं.

हे असं का होतं ते आधी सांगते कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन जमिनीत मुरतं, त्यामुळे ते किंचित आम्लधर्मी होतं आणि वाटेत चुनखडीचा दगड लागला की त्याला थोडं थोडं विरघळवत जातं. म्हणून बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम येतं. पाणी गार आहे तोवर दिसायला काचेसारखं स्वच्छ. तापवलं की तो कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि विरघळलेला चुना परत घट्ट होऊन खाली बसतो. साखर-मीठ गरम पाण्यात जास्त विरघळतं, चुन्याचं नेमकं उलटं आहे, पाणी जेवढं गरम तेवढा तो कमी विरघळतो, म्हणून सगळ्यात जास्त थर कॉईलवरच बसतो जिथे पाणी सगळ्यात गरम असतं. आणि तो थर उष्णता पुढे जाऊ देत नाही, मग कॉईल आतल्या आत तापत राहते आणि एक दिवस जाते.

आता खरी गोष्ट सुरू होते, या पाण्यासाठी मशीन घेण्याची. मी दोन-तीन ठिकाणी चौकशी केली आणि एक विक्रेते घरी आले. त्यांनी खिशातून पेनासारखा टीडीएस मीटर काढला, ग्लासात बुडवला, आकडा आला ५२०. "पाचशे वीस! ताई, हे पाणी तुम्ही पिता?" असं त्यांनी ज्या आवाजात विचारलं ना, आई तर घाबरूनच गेली. मग त्यांनी दुसरा प्रयोग दाखवला. दोन ग्लास घेतले, एकात आमचं पाणी, एकात त्यांनी बाटलीतून आणलेलं आरओचं पाणी, आणि दोन्हीत धातूच्या कांड्या असलेलं एक यंत्र ठेवून करंट सोडला. मिनिटभरात आमच्या ग्लासातलं पाणी पिवळं, मग तपकिरी, मग वर मळी तरंगायला लागली, आणि त्यांचं पाणी तसंच स्वच्छ. "ही घाण तुमच्या पोटात जाते," म्हणाले.

हा प्रयोग तुमच्याही घरी कोणी दाखवला असेल तर नीट वाचा. ती घाण पाण्यातली नसते, त्या कांड्यांची असते. त्यातली एक कांडी लोखंडाची असते, करंट गेला की ते लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज पाण्यात तयार होतो. करंट वाहायला पाण्यात क्षार लागतात, आरओच्या पाण्यात ते जवळजवळ नसतात, म्हणून तिथे करंटच वाहत नाही आणि काही होत नाही. त्यांच्या त्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं असतं तर तेही तसंच तपकिरी झालं असतं. मला हे त्या दिवशी माहीत नव्हतं, नंतर कळलं आणि खूप राग आला, कारण आई दोन दिवस पाणी पिताना ग्लासाकडे बघत बसायची. माणसाला त्याच्या घरातल्या पाण्याची भीती घालून काही विकणं मला अजिबात पटत नाही.

आणि तो मीटरसुद्धा, त्याचा मला नंतर पुष्कळ उपयोग झाला पण तो काय मोजतो हे आधी समजून घेतलं पाहिजे. तो फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या पदार्थांचा अंदाज मिलिग्रॅममध्ये सांगतो. ते पदार्थ कोणते हे त्याला कळत नाही. कॅल्शियम असो, साधं मीठ असो, नायट्रेट असो, त्याच्यासाठी सगळं एकच. जंतू तर त्याला दिसतच नाहीत. आर्सेनिकची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ठेवलीय, म्हणजे त्याच्या दसपट आर्सेनिक असलं तरी मीटरवरचा ५२० हा आकडा ५२० च राहील. उलट चवीचं म्हणाल तर ६०० च्या आतला टीडीएस लोकांना साधारण चांगलाच लागतो, १००० च्या पुढे मात्र पाणी मचूळ लागायला लागतं. म्हणजे ५२० हा आकडा बघून घाबरायचं कारण नव्हतं, आणि ५० असता तर निर्धास्त राहायचंही कारण नव्हतं.

आरओ न घेता आम्ही सॉफ्टनर घेतला, म्हणजे पाणी मऊ करणारी मशीन, दुसऱ्या एकांकडून, ज्यांनी निदान पापुद्रे हातात घेऊन बघितले. बसवून झाला, मी उत्साहाने मीटर बुडवला, तर ५२८! आधीपेक्षा आठ जास्त. मला वाटलं फसवलं आपल्याला. रात्रभर झोप नाही आणि सकाळी फोन करून मी बरंच बोलले. पलीकडचे काका शांतपणे म्हणाले, "ताई, सॉफ्टनरनं टीडीएस कमी होत नाही. हार्डनेस किट घ्या आणि मग मला फोन करा." तेव्हा मला ते टाळाटाळ वाटलं पण ते अगदी खरं बोलत होते.

सॉफ्टनरच्या टाकीत रेझिन असतं, मधाच्या रंगाचे बारीक मणी, साधारण अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचे. मी मूठभर हातात घेऊन पाहिलेत, ओल्या वाळूसारखे पण गुळगुळीत, बोटांतून निसटतात. प्रत्येक मण्यावर सोडियमचे कण धरून ठेवलेले असतात. जड पाणी (म्हणजे शाळेतलं दुष्फेन) त्यांच्यातून गेलं की मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरतात आणि त्याच्या बदल्यात सोडियम सोडतात, कॅल्शियमच्या एका कणामागे सोडियमचे दोन. अदलाबदल आहे ही, गाळणं नाही. वजनाचा हिशोब केला तर ४० ग्रॅम कॅल्शियम गेलं की ४६ ग्रॅम सोडियम येतं, म्हणून टीडीएस उतरत नाही, उलट किंचित वाढतो. पण सोडियम गिझरमध्ये थर करत नाही, साबणाशी भांडत नाही, नळावर पांढरे डाग धरत नाही, आणि आपल्याला हवं होतं ते तेच.

ही अदलाबदल माणसाला पहिल्यांदा कळली ती मातीमुळे, हे वाचून मला फार छान वाटलं. १८५० मध्ये इंग्लंडमध्ये थॉम्पसन आणि वे या दोघांनी शेतातल्या मातीतून अमोनियम सल्फेटचं पाणी सोडलं तर खालून कॅल्शियम सल्फेट बाहेर आलं, मातीने अमोनियम ठेवून घेतलं आणि चुना देऊन टाकला. शेतातलं खत पावसाने लगेच वाहून का जात नाही याचा शोध चालला होता आणि त्याच वाटेने पुढे आपल्या बाथरूमचं पाणी मऊ करायची युक्ती निघाली.

तर किट. छोटी बाटली, एक पावडर आणि एक ड्रॉपर. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचं, चिमूटभर पावडर टाकायची, पाणी जड असेल तर ते लालसर गुलाबी होतं. मग ड्रॉपरने एकेक थेंब टाकायचा, प्रत्येक थेंबानंतर बाटली हलवायची आणि मोजत राहायचं. माझ्या किटमध्ये एक थेंब म्हणजे लिटरला २० मिलिग्रॅम जडपणा, चुन्याच्या हिशोबात. मी आधी बोअरचं पाणी घेतलं, सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचं. दहा थेंब झाले, काही नाही. पंधरा झाले, काही नाही. सोळाव्याला रंग जरा जांभळट झाल्यासारखा वाटला, सतराव्याला नक्की जांभळा, आणि अठराव्या थेंबाला बाटलीतलं पाणी एकदम निळं झालं, शाईसारखं. अठरा गुणिले वीस, ३६०. १८० च्या वर गेलं की पाण्याला अतिशय जड म्हणतात, आमचं त्याच्या बरोबर दुप्पट. मग सॉफ्टनरनंतरचं पाणी घेतलं, पावडर टाकली, ते किंचित गुलाबी झालं आणि पहिल्याच थेंबाला निळं. मी लगेच त्या काकांना फोन करून माफी मागितली.

ही टेस्ट पाच मिनिटांची आहे, कुणीही करू शकतं, आणि सॉफ्टनर घ्यायच्या आधी ती केली पाहिजे, कारण मशीन किती मोठी लागणार ते याच आकड्यावर ठरतं. आमचा हिशोब सांगते. चार माणसं, माणशी दीडशे लिटर धरलं तर रोज ६०० लिटर. लिटरला ३६० मिलिग्रॅम म्हणजे रोज २१६ ग्रॅम, म्हणजे चुन्याच्या हिशोबात आठवड्याला दीड किलो पाण्यातून काढायचा! एक लिटर रेझिन एका फेरीत साधारण ५०-६० ग्रॅम धरतं, आमच्याकडे २५ लिटर रेझिन आहे, म्हणजे साधारण सहा दिवसांनी ते भरतं. भरलं की मिठाच्या पाण्याने धुवायचं. शेजारच्या टाकीत मीठ आणि पाणी असतं, ते दाट खारं पाणी मशीन रेझिनमधून सोडते, त्यात सोडियम इतकं जास्त असतं की मण्यांनी धरलेला चुना सोडावाच लागतो, तो ड्रेनमध्ये जातो आणि मणी परत तयार. तास-दीड तास लागतो, आमचं रात्री दोन वाजता होतं कारण त्या वेळात नळाला मऊ पाणी येत नाही. पाणी किती वापरलं ते मोजून आपोआप धुणारी मशीन घ्या असं मी सांगेन, नुसत्या दिवसांवर चालणारी नको, घर आठवडाभर बंद असलं तरी ती मीठ वाया घालवत राहते, आणि ते खारं पाणी शेवटी कुठेतरी मातीत किंवा नाल्यातच जातं.

मऊ पाण्याची सवय व्हायला मात्र वेळ लागला. आई पहिले आठ दिवस म्हणत होती अंगावरचा साबण जातच नाही, निसरडं निसरडं लागतं. आधी जड पाण्यात साबणाचा कॅल्शियमशी चिकट साका व्हायचा आणि तो कातडीवर बसायचा, त्या खरखरीतपणालाच आपण स्वच्छ समजत होतो. आता साबण निम्मा सुद्धा लागत नाही, पण हे तिला पटायला शॅम्पूची बाटली संपायचं नाव घेईना तेव्हा पटलं.

मीठ न लागणारे कंडिशनर आणि पाइपला बाहेरून लावायची चुंबकं, याबद्दलही बरेच जण विचारतात. कंडिशनर पाण्यातलं कॅल्शियम काढत नाहीत, काही प्रकार त्याचे बारीक कण बनवतात जे पृष्ठभागाला कमी चिकटतात, पण किटवर बघाल तर अठरा थेंब ते अठराच राहतात आणि साबणाचा फेसही वाढत नाही. चुंबकावर माझा विश्वास नाही, भरवशाचा पुरावा मला सापडला नाही.

आता पिण्याचं पाणी, हे मी मुद्दाम वेगळं सांगते कारण इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. सॉफ्टनर पाणी शुद्ध करत नाही. जंतू मारत नाही, नायट्रेट-फ्लोराइड काढत नाही. आणि जड पाणी पिण्याने आजारी पडतो असंही नाही, जडपणासाठी जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याची म्हणून मर्यादाच घातलेली नाही, उलट त्यातून थोडं कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळतं. त्यात बाबांना ब्लड प्रेशर आहे. ३६० जडपणाचं पाणी पूर्ण मऊ केलं की लिटरमागे साधारण १६५ मिलिग्रॅम सोडियम वाढतं, दिवसाला दोन लिटर प्यायले तर ३३०, आणि मोठ्या माणसाने दिवसभरात सगळं मिळून २००० च्या आत राहावं असं सांगतात. म्हणून किचनचा गार पाण्याचा नळ आम्ही सॉफ्टनरच्या आधीच्या लाइनवर ठेवलाय, झाडांचा नळ सुद्धा, कारण झाडांनाही सोडियम मानवत नाही. बसवतानाच हे सांगा, नंतर पाइप फोडावे लागतात.

मग त्या किचनच्या नळाला काय लावायचं? यावेळी मी आधी लॅबमध्ये पाणी दिलं. जंतूंच्या टेस्टसाठी लॅबची निर्जंतुक बाटली घ्यायची, नळाची जाळी काढून तोंड पुसून पाणी काही मिनिटं वाहू द्यायचं, बाटलीच्या झाकणाला आतून बोट लागू द्यायचं नाही, आणि थंड ठेवून त्याच दिवशी पोचवायची. एवढी काळजी घेतली नाही तर हातावरचेच जंतू रिपोर्टमध्ये येतात. रिपोर्ट आला, जडपणा ३५८ (माझे अठरा थेंब बरोबर निघाले याचा मला किती आनंद झाला काय सांगू), नायट्रेट ११, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५०. फ्लोराइड ०.४, त्यांचीच मर्यादा १.५. आर्सेनिक मर्यादेच्या आत. लोह नावाला. आणि शेवटच्या ओळीत, कोलिफॉर्म आढळले, म्हणजे पाण्यात बाहेरून घाण मिसळत असल्याची शंका दाखवणारे जंतू.

इतके दिवस आम्ही सगळे त्या ५२० वर बोलत होतो आणि खरा प्रश्न या एका ओळीत होता, जो कुठल्याच मीटरवर दिसला नसता. वरची टाकी रिकामी करून घासली, क्लोरीन टाकून ठेवली (त्या वेळी सॉफ्टनर बायपासवर, जास्त क्लोरीनने रेझिन खराब होतं), पुन्हा धुतली, आणि किचनच्या नळाला आधी ५ मायक्रॉनचा गाळाचा फिल्टर, मग कार्बन, मग शेवटी यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाचा दिवा, असं लावलं. क्रम महत्त्वाचा आहे. यूव्हीचा प्रकाश जंतूंच्या डीएनएवर मारा करतो, पण पाणी गढूळ असेल तर जंतू गाळाच्या सावलीत लपतात, म्हणून गाळ आधी निघाला पाहिजे. कार्बन वास आणि चव सुधारतो पण क्षार काढत नाही, आणि क्लोरीन नसलेल्या पाण्यात कार्बनमध्येच जंतू वाढू शकतात, म्हणून यूव्ही त्याच्या नंतर. दिवा दरवर्षी बदलायचा, तो निळा दिसत राहतो पण त्याची ताकद उतरलेली असते.

आरओ वाईट आहे असं मी म्हणत नाही. नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक यातलं काही मर्यादेबाहेर असतं किंवा पाणी खारं असतं तर मी आरओच घेतला असता, पाणी उकळून नायट्रेट जात नाही, वाफ गेल्याने ते उलट दाट होतं. पण घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना बऱ्याचदा दोन-तीन लिटर बाहेर सोडतो, आणि जे पाण्यात नाहीच ते काढायला एवढं पाणी सोडून देणं माझ्या जिवावर येतं.

महिन्याभराने दुसरा नमुना दिला, कोलिफॉर्म आढळले नाहीत.

सॉफ्टनरकडे मात्र लक्ष ठेवावं लागतं, तो बिघडला तरी पाणी येतच राहतं. गेल्या महिन्यात आई म्हणाली, "अगं, आज साबणाला फेस कमी येतोय." मी मिठाची टाकी उघडून बघितली तर मीठ काठापर्यंत, म्हणजे सगळं ठीक असायला हवं. किट काढलं, एक, दोन, तीन, अकराव्या थेंबाला निळं. मग लक्षात आलं, तीन आठवडे मीठ टाकलंच नव्हतं आणि तरी ते कमी झालं नव्हतं. लाकडी दांडा घेऊन मधोमध हळूच दाबला, वरचा थर दगडासारखा घट्ट, जरा जोर लावला तर धप्पकन खाली गेला आणि आत हातभर पोकळी. मीठ दमट हवेने एकमेकांना चिकटून पुलासारखं अधांतरी राहिलं होतं आणि खाली नुसतं पाणी, त्यामुळे रेझिन साध्या पाण्याने धुतलं जात होतं. ढेकळं फोडली, काही तास थांबले आणि रात्री हाताने फेरी चालू केली. सकाळी सातला किट घेऊन उभी राहिले तर आई आधीच तिथे, म्हणाली आज मी टाकते थेंब. तिने एक टाकला, निळं झालं. झाकणाच्या आतल्या बाजूला आता मार्करने मिठाची पातळी आणि तारीख लिहून ठेवतोय, अक्षर तिचं आहे.